धोरणाचा कागद शेवटून वाचा: नव्या तंत्रज्ञानाच्या सरकारी योजनांची नवख्यांसाठी वाट

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) आणण्यासाठीचं 'महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९' मंजूर केलं. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये, अशी बातमी आली. त्या आठवड्यात मला जेवढे फोन आले, त्या सगळ्यांचा प्रश्न एकच होता: "अर्ज कुठे करायचा?" माझं उत्तरही एकच होतं: "अजून कुठेच नाही." लोक हिरमुसले. पण धोरण मंजूर होणं आणि त्यातलं काही आपल्या हाताला लागणं, यांच्यामध्ये चार-पाच कागद असतात. ते कागद ओळखता आले की कधी थांबायचं आणि कधी धावायचं, हे कळतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. समजा, सोलापूरकडची दोन पोरं डाळिंबाच्या पानाचा फोटो पाहून तेल्या रोग ओळखणारं ॲप बनवत आहेत. हाताशी एक लॅपटॉप, काही हजार फोटो आणि घरच्यांनी दिलेली एक वर्षाची मुदत. या दोघांनी काय करावं?

१. समोर आलंय ते नेमकं काय, हे आधी ठरवा

बातमीत धोरण, मिशन, योजना आणि नियम हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. कागदावर मात्र ते वेगळे असतात. धोरण म्हणजे सरकारने जाहीर केलेला इरादा. मिशनला ठरलेली मुदत आणि ठरलेला आकडा असतो. उदाहरणार्थ, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेलं राष्ट्रीय क्वांटम मिशन: ६,००३.६५ कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत. योजनेत पात्रता, अर्जाचा नमुना आणि प्रत्येकाला मिळणारी रक्कम असते. अर्ज करता येतो तो इथेच.

नियमात कुणाला पैसा मिळत नाही, म्हणून नवखे तो वाचतच नाहीत. ही चूक करू नका. ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम बघा. आधीच्या व्यवस्थेतले २५ फॉर्म ५ वर आले, शुल्काचे ७२ प्रकार ४ वर आले आणि हिरव्या पट्ट्यात (नकाशावर उड्डाणाला खुल्या ठेवलेल्या भागात) ४०० फुटांपर्यंत उडवायला पूर्वपरवानगी लागेनाशी झाली. एक रुपयाही न वाटता शेतावरच्या ड्रोनचा रस्ता मोकळा झाला.

याहून घरगुती उदाहरण एमएस-सीआयटीचं. सरकारी भरतीच्या जाहिरातीत 'दिनांक ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयानुसार संगणक अर्हता आवश्यक' ही ओळ वाचली नाही असा उमेदवार शोधून सापडायचा नाही. गावोगावचे संगणक क्लास कशावर चालले, तर नोकरीसाठी घातलेल्या या अटीवर. डिजिटल कौशल्य वाढवायला अनुदान हा एकच मार्ग नसतो, हे त्यातून दिसतं. (त्या प्रमाणपत्रातून प्रत्यक्षात किती जण संगणक शिकले, हा वेगळ्या भांडणाचा विषय आहे.)

२. कात्रण बाजूला ठेवा, मूळ कागद काढा

'मंत्रिमंडळ निर्णय' म्हणून जे पहिल्या दिवशी फिरतं ती प्रसिद्धीसाठीची टिपणी असते. कार्यालयं चालतात ती शासन निर्णयावर, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत जीआरवर. तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतो आणि प्रत्येकाला संकेतांक असतो. तो संकेतांक वहीत लिहून ठेवा. कार्यालयात "त्या एआयच्या योजनेचं काय झालं" असं विचारणाऱ्याला आणि "अमुक संकेतांकाच्या निर्णयाचं काय झालं" असं विचारणाऱ्याला मिळणारी खुर्ची वेगळी असते.

शोधताना शब्दावर विसंबू नका. एका विभागाचा टंकलेखक 'कृत्रिम बुद्धिमत्ता' लिहितो, दुसरा 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स', तिसरा नुसतं 'एआय'. त्यापेक्षा विभाग निवडा, तारखांची मर्यादा टाका आणि यादी डोळ्यांखालून घाला.

आता विभाग कोणता? इथेच बहुतेकांचा आठवडा जातो. राज्यात स्टार्टअपचा विषय उद्योग विभागाकडे असेल असं वाटतं, पण तो कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभागाकडे आहे. आयटी पार्कच्या सवलती उद्योग विभागाकडे. महाॲग्री-एआय कृषी विभागाकडे. केंद्रात एआय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे, क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे, स्टार्टअपची मान्यता वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या डीपीआयआयटी या विभागाकडे आणि ड्रोन नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे. आपल्या डाळिंबवाल्या पोरांना यातले निदान तीन दरवाजे लागतील.

३. आता तो कागद शेवटून वाचा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. जीआर वरून खाली वाचला की प्रस्तावनेतच माणूस हरखून जातो. प्रस्तावना लिहिताना कुणाचा हात आखडत नाही. क्रांती, परिवर्तन, सक्षमीकरण, सगळं तिथे असतं. खरा मजकूर शेवटाकडे असतो.

सर्वांत खाली 'प्रत' अशी यादी असते. राज्यपालांचे सचिव, मुख्यमंत्र्यांचे प्रधान सचिव अशी मोठी नावं सोडून पुढे चला. जिल्हाधिकारी किंवा जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी त्या यादीत आहेत का? असतील, तर तुमच्या जिल्ह्यातल्या कार्यालयाकडे हा कागद पोहोचला आहे आणि "आम्हाला काही आलेलं नाही" हे उत्तर स्वीकारायचं कारण नाही. महालेखापाल आणि अधिदान व लेखा अधिकारी (सरकारी हिशोब तपासणारे आणि पैसे चुकते करणारे) यादीत आहेत का? असतील, तर यात प्रत्यक्ष खर्च होणार आहे. यादी मंत्रालयातच सुरू होऊन 'निवडनस्ती'वर (विभागाच्या स्वतःच्या फाईलवर) मंत्रालयातच संपत असेल, तर समजा की अजून वेळ आहे.

मग थोडं वर सरका आणि लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या खात्यावर पडणार त्याचा अर्थसंकल्पातला क्रमांक, शोधा. 'यासाठी होणारा खर्च मागणी क्रमांक डी-३, २४०१ पीक संवर्धन...' अशा धर्तीची ओळ असेल तर पैशाला भांडं मिळालेलं आहे. डी-३ ही कृषीची मागणी, २४०१ हे पीक संवर्धनाचं मुख्य लेखाशीर्ष. त्याऐवजी 'स्वतंत्र लेखाशीर्ष उघडण्यात येईल' किंवा 'आवश्यक तरतूद उपलब्ध करून देण्यात येईल' असं असेल, तर भांडं अजून बाजारातच आहे. लेखाशीर्षाची ओळच नसेल, तर तो कागद माहितीसाठी वाचा, नोकरी सोडण्यासाठी नव्हे.

त्यानंतर क्रियापदं. सरकारी मराठीला लोक नावं ठेवतात, पण या भाषेत क्रियापद फार तोलून वापरलेलं असतं. 'मान्यता देण्यात येत आहे' म्हणजे झालं. 'देण्यात येईल' म्हणजे आणखी एक कागद निघायचा आहे. 'देता येईल' म्हणजे कुणाच्या तरी मर्जीवर. 'विचार करण्यात येईल' आणि 'प्रयत्न करण्यात येतील' यांना पेन्सिलीने खूण करा आणि पुढे जा. मी प्रत्येक धोरणाची छापील प्रत काढतो आणि फक्त क्रियापदांना तीन रंगांनी अधोरेखित करतो: झालेल्याला हिरवा, व्हायच्या असलेल्याला पिवळा, बाकीच्यांना तिसरा. दहा मिनिटांत हिरवं किती आणि पिवळं किती ते दिसतं. धोरणाच्या कागदात पिवळं जास्त असणारच, त्यात दुखावण्यासारखं काही नाही. हिरव्या ओळी योजनेच्या जीआरमध्ये किंवा मार्गदर्शक सूचनांमध्ये उगवतात.

मग समित्या. अध्यक्ष कोण हे सगळे बघतात, तुम्ही सदस्य सचिव कोण ते बघा. बैठक बोलावणं, विषयपत्रिका काढणं, इतिवृत्त लिहिणं हे त्यांचं काम. तुमचा प्रस्ताव समितीपुढे जायचा असेल तर त्यांच्या टेबलावरून जाईल.

शेवटी परिशिष्टं आणि प्रपत्रं. अर्जाचा नमुना तिथेच जोडलेला असेल तर तो भरून बघा. पाठवायचा नसला तरी भरा. आपल्याकडे काय नाही, हे तो फॉर्म फार स्वच्छ सांगतो.

आणि हो, प्रस्तावनासुद्धा वाचा, पण सर्वांत शेवटी. अर्ज लिहिताना तिच्यातले शब्द कामी येतात. विभागाने स्वतःच्या समस्येला जे नाव दिलंय तेच तुम्ही वापरलं, तर फाईल वाचणाऱ्याला अनुवाद करावा लागत नाही.

४. मोठा आकडा फोडून बघा

केंद्राचं इंडियाएआय मिशन ७ मार्च २०२४ रोजी मंजूर झालं, १०,३७१.९२ कोटींचं. आकडा ऐकून छाती दडपते. तो फोडला की गंमत कळते. संगणन क्षमतेसाठी ४,५६३.३६ कोटी. नवउपक्रम केंद्रासाठी १,९७१.३७. स्टार्टअपच्या भांडवलासाठी १,९४२.५०. कौशल्यांसाठी ८८२.९४. उपयोजनांसाठी ६८९.०५. डेटासाठी १९९.५५. आणि सुरक्षित, विश्वासार्ह एआयसाठी २०.४६.

म्हणजे जवळजवळ ४४ टक्के रक्कम यंत्रांवर, तर डेटावर दोन टक्क्यांच्या आत. माझं मत विचाराल तर हे प्रमाण मराठीसारख्या भाषेला फारसं सोयीचं नाही. आपली अडचण जीपीयूइतकीच (एआय शिकवायला लागणाऱ्या ताकदवान चिपांइतकीच) चांगल्या मराठी डेटाची आहे. पण नवख्या माणसाला यातून मिळणारा धडा व्यवहाराचा आहे: जिथे तरतूद मोठी, तिथे मागायला जाणं सोपं. आपल्या डाळिंबवाल्यांनी "आम्हाला पैसे द्या" म्हणण्यापेक्षा "आम्हाला संगणन द्या" म्हणणं शहाणपणाचं.

दुसरी गोष्ट, मंजूर रक्कम आणि त्या वर्षीची रक्कम यांत गल्लत करू नका. याच मिशनला २०२४-२५ च्या अर्थसंकल्पी अंदाजात ५५१.७५ कोटी होते, सुधारित अंदाजात ते १७३ कोटींवर आले. म्हणून मे-जूनमध्ये बातमी वाचून धावणाऱ्याने फेब्रुवारीत सुधारित अंदाजही बघावा. राज्यासाठी हेच काम 'बीम्स' प्रणालीवर होतं. लेखाशीर्षनिहाय तरतूद किती, वितरित किती, खर्च किती हे तिथे दिसतं. म्हणूनच मघाशी लेखाशीर्ष उतरवून घ्यायला लावलं.

५. कागद अजून जिवंत आहे का?

स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेची माहिती देणारे व्हिडिओ अजूनही फिरतात. ती ९४५ कोटींची योजना २०२१-२२ पासून चार वर्षांसाठी होती आणि संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय त्यात होती. व्हिडिओ बनवणारा मुदत सांगत नाही, कारण मुदतीला लाइक मिळत नाहीत. कोणतीही योजना वाचताना आधी कालावधी, मग बाकीचं.

राज्याचं २०१८ चं स्टार्टअप धोरण वाचून तयारीला लागलेलेही मला भेटतात. २०२५ मध्ये नवं धोरण आलं आहे. जुना कागद संकेतस्थळावर तसाच दिसतो, त्यावर 'रद्द' असा शिक्का मारलेला नसतो. तेव्हा त्याच विभागाचे नंतरचे निर्णय चाळा आणि 'अधिक्रमित करून' हे दोन शब्द शोधा. शुद्धिपत्रकंही बघा. पात्रतेतली एक ओळ त्यात बदललेली असू शकते.

राज्याचं वेळापत्रकही अंगवळणी पाडा. मार्चमध्ये अर्थसंकल्प. पावसाळी अधिवेशनात आणि मग डिसेंबरमध्ये नागपूरला पुरवणी मागण्या. जूनमध्ये जाहीर झालेल्या गोष्टीला त्याच वर्षी पैसा हवा असेल तर तो बहुधा पुरवणी मागणीतूनच येतो. आणि मार्चअखेर म्हणजे लगीनघाई. ज्यांची कागदपत्रं जानेवारीत तयार असतात त्यांचा नंबर लागतो.

६. आपला बस्ता बांधून ठेवा

पहिला प्रश्न: तुम्ही कायद्याने कोण आहात? पुष्कळ जण एकल मालकी आणि उद्यम नोंदणीवर (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीवर) थांबलेले असतात. कर्ज, अनुदानाच्या काही योजनांना ते चालतं, पण डीपीआयआयटीची स्टार्टअप मान्यता एकल मालकीला मिळत नाही. त्यासाठी खासगी मर्यादित कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी असं काहीतरी हवं. आपल्या दोघा पोरांना एलएलपी पुरेल, पण पुढे गुंतवणूकदार आणायचा विचार असेल तर सुरुवातीलाच कंपनी करावी.

मान्यतेसाठी सरकार शुल्क घेत नाही. अर्ज ऑनलाइन आहे, तुम्ही स्वतः भरू शकता. तरीही हजारो रुपये घेऊन तो भरून देणारे एजंट शहराशहरांत आहेत. त्यांना पैसे द्यायचेच असतील तर निदान अर्जातलं 'तुमचं नावीन्य काय' हे उत्तर स्वतः लिहा. एजंटाने दहा अर्जांत चिकटवलेला परिच्छेद तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतो. आणखी एक गैरसमज: मान्यता मिळाली की आयकर माफ. तसं नसतं. करसवलतीसाठी वेगळा अर्ज आंतरमंत्रालयीन मंडळाकडे जातो.

मी स्वतः एकदा भागीदारी संस्थेच्या नावातल्या एका टिंबापायी दोन महिने घालवले आहेत. पॅनवर टिंब होतं, बँकेत नव्हतं. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण चूक माझीही होती. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखं आहे का, हे आजच बघून घ्या.

७. पैशाआधी सामग्री मागा

अनुदानाला वर्ष लागू शकतं. सामायिक सुविधा त्यापेक्षा लवकर मिळते, आणि सुरुवातीला बहुतेक वेळा तीच हवी असते.

संगणन: इंडियाएआयच्या पोर्टलवरून जीपीयू वापरायला मिळतात. मे २०२५ पर्यंत यादीत ३४,००० हून अधिक जीपीयू आले होते आणि पात्र वापरकर्त्यांना खर्चात ४० टक्क्यांपर्यंत सवलत आहे. विद्यार्थी, संशोधक आणि स्टार्टअप अशा गटांतून अर्ज करता येतो. मात्र किती तास लागतील, कशासाठी लागतील याचा हिशोब आधी करा. काही हजार फोटोंवर छोटं मॉडेल शिकवायला मोठं यंत्र लागत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त मागितलं की अर्ज पोकळ वाटतो.

डेटा: एआयकोश हे त्याच मिशनचं डेटा आणि मॉडेलचं भांडार. तिथे आपल्या पिकाचं काही नसेल तर सोलापूरच्याच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं दार ठोठावा. फोटो तुमच्याकडेही असतील, पण 'हा तेल्याच आहे' हे वनस्पतीरोगतज्ज्ञाने सांगितलेला फोटो आणि तुम्ही ठरवलेला फोटो यांची किंमत सारखी नसते. राज्यातली चार कृषी विद्यापीठं, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली, या कामाला धरून आहेत. त्यातलं जवळचं गाठा. लेखी सहमतीचं एक पत्र मिळालं तरी पुढच्या प्रत्येक अर्जाला ते जोडता येतं.

भाषा: शेतकऱ्याला उत्तर बोलून हवं असतं. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या भाषिणी या केंद्राच्या भाषा उपक्रमाकडे भाषांतर, आवाजाचं अक्षरात रूपांतर आणि अक्षराचं आवाजात रूपांतर करणाऱ्या सेवा आहेत, मराठीसह. त्या थेट जोडण्याआधी आपल्या भागातल्या बोलीत तपासा. पुण्याच्या उच्चारावर नीट चालणारी गोष्ट मंगळवेढ्याच्या आजोबांसमोर अडखळू शकते. अडखळली तर भाषिणीच्याच भाषादान उपक्रमात 'बोलो इंडिया' आहे. तिथे मराठी आवाज देता येतात. तुमच्या ॲपला लगेच फायदा नाही, पण डेटाच्या त्या दोन टक्क्यांत आपलीही मूठभर भर.

८. सरकारलाच गिऱ्हाईक करा

महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी २०१८ पासून स्टार्टअप सप्ताह भरवते. निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी विभागांत आपलं उत्पादन चालवून दाखवण्यासाठी ठराविक रकमेपर्यंतचे कार्यादेश (वर्क ऑर्डर) मिळतात, अशी ती रचना आहे. मला ही वाट अनुदानापेक्षा बरी वाटते. अनुदान मिळालं की प्रमाणपत्र मिळतं, कार्यादेश पूर्ण केला की अनुभव मिळतो आणि पुढच्या निविदेत तो लिहिता येतो.

फक्त कार्यादेश हाती आला म्हणून लगेच माणसं भरू नका. माझ्या ओळखीच्या एका संस्थेचं काम तीन महिन्यांत झालं आणि देयक निघायला त्याहून कितीतरी जास्त काळ गेला, कारण 'काम समाधानकारक' हा दाखला कोणी द्यायचा हेच आदेशात लिहिलेलं नव्हतं. सही करण्याआधी ती ओळ मागून घ्या: कोण तपासणार, किती दिवसांत, आणि पैसे कुठल्या लेखाशीर्षातून.

९. अडलं तर माहिती अधिकार

जीआर निघालाय, लेखाशीर्ष आहे, बीम्सवर तरतूद दिसते आणि तरी अर्ज मागवले जात नाहीत. अशा वेळी माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा, तेव्हा आधीच्या सगळ्या पायऱ्यांची वही इथे उपयोगी पडते. "योजना का रखडली" असं विचारू नका. कारण विचारलं की "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं, कागद मागितला तर कागद द्यावा लागतो. म्हणून असं लिहा: 'अमुक संकेतांकाच्या शासन निर्णयातील परिच्छेद ४ नुसार स्थापन समितीच्या आजवरच्या सर्व बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती, तसेच सदर लेखाशीर्षाखाली चालू वर्षात वितरित निधीच्या आदेशांच्या प्रती द्याव्यात.'

अर्ज त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा, पोचपावती जपून ठेवा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांच्या आत प्रथम अपील टाका.